एल सिद नेमका कोणाच्या पदरी होता?

स्पेनच्या एल सिदवरचा एक मजकूर सध्या हौसेनं एकमेकांना पाठवला जातोय. अकराव्या शतकातला हा ख्रिस्ती सरदार म्हणे जन्मभर धर्मासाठी मुसलमानांशीच लढला, परक्याची चाकरी त्यानं कधी केली नाही, आणि मेल्यावरही घोड्यावर बांधलेल्या त्याच्या प्रेतानं लढाई जिंकली. माणूस खरा आहे. बाकीचं बघू.

आधी चाकरी. एल सिदचं खरं नाव रोद्रिगो दियाझ, हा बुर्गोसजवळच्या विवार गावचा. १०८१ मध्ये लेओन-कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो यानं त्याला हद्दपार केलं, कारण त्यानं तोलेदोच्या मुलखात परस्पर लूटमार केली होती. तोलेदोचा मुसलमान राजा अल्फोन्सोच्या आश्रयाला होता! रोद्रिगो आधी बार्सेलोनाला गेला, तिथं काही जमलं नाही. मग सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी राहिला. तेही दोन-चार महिने नाही, चांगली पाचेक वर्षं. अल्-मुक्तदिर, त्याचा मुलगा अल्-मुतमिन आणि नातू अल्-मुस्तईन अशा तीन पिढ्यांकडे.

‘मुसलमानांशीच लढला’ हे तर अल्मेनारच्या लढाईतच कोसळतं. १०८२ ची ती लढाई म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. एकीकडे अल्-मुतमिन, दुसरीकडे लेरिदाचा त्याचा भाऊ अल्-मुंधिर. आणि या भावाच्या मदतीला बार्सेलोनाचा ख्रिस्ती काउंट बेरेंगेर रामोन. सिदनं आपल्या मुसलमान धन्यासाठी लढून या काउंटलाच कैद केलं. दोन वर्षांनी अरागोनच्या ख्रिस्ती राजाला धूळ चारली. १०९० मध्ये तेवारला तोच काउंट पुन्हा त्याच्या हाती सापडला. पुढे सिदची मुलगी मारिया याच काउंटच्या पुतण्याला दिली गेली, म्हणजे वैरही काही जन्माचं नव्हतं.

‘सिद’ हे नावसुद्धा अरबी ‘सय्यिद’वरून आलंय, अर्थ ‘धनी’. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं नावही याच शब्दाशी जोडतात.

मजकुरात तथ्य अजिबातच नाही असं नाही. आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविद या मुसलमान राजवटीच्या फौजांशी तो खरोखर लढला. जून १०९४ मध्ये त्यानं वेलेन्सिया शहर घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये जवळच्याच क्वार्तेला अल्मोराविदांचा मोड केला. पण वेलेन्सियावर तो स्वतः धनी म्हणून बसला, आणि तिथल्या काझीला त्यानं जिवंत जाळलं. हे मजकुरात कुठं नाही.

राहता राहिलं प्रेत. जुलै १०९९ मध्ये सिद वेलेन्सियातच वारला, रणांगणावर नाही. पत्नी हिमेनानं पुढे जवळजवळ तीन वर्षं शहर राखलं. १०९७ मध्ये मुलगा दिएगो लढाईत पडला होता, आता नवराही नव्हता, तरी ती हटली नाही. कौतुक करायचं तर तिचं करा. ११०२ मध्ये अल्फोन्सो मदतीला आला, पण शहर टिकणार नाही हे ओळखून त्यानं ते रिकामं करून पेटवून दिलं. तेव्हा सिदचं शव बुर्गोसजवळच्या कार्देन्या मठात नेलं. प्रेताचा खरा प्रवास तो हा. घोडा आणि लढाई ही त्या मठाच्या आसपास नंतर रचली गेलेली कथा.