जुन्या वस्तूंच्या दुकानात फिक्स कपाटं कशाला?

गेल्या आठवड्यात जळगावजवळच्या एका कॅम्पसवर गेलो होतो. विद्यार्थ्यांसाठी जुन्या वस्तूंचं दुकान काढतायत, खोली बारा बाय वीस. आराखडा बघितला तर तिन्ही भिंतींना लॅमिनेटची फिक्स कपाटं, मध्ये काचेचा काउंटर, वर पीओपी. सराफाचं दुकान म्हणून खपलं असतं. (जळगावकरांना दुकान म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही, मीही त्यातलाच.)

अहो, पण इथला माल होलसेलवाल्याकडून येणार नाहीये. होस्टेल रिकामं होईल तसा येणार. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, परीक्षा संपलेली पोरं कूलर, गाद्या, बादल्या टाकून गावी पळतात. जून-जुलैत धडगाव-अक्कलकुव्यापासून चाळीसगावपर्यंतची नवी पोरं येतात, त्यांना नेमकं हेच हवं असतं, वर पुस्तकं. दिवाळीनंतर स्वेटर आणि रग. कूलर कपाटात मावत नाही, गादी आडवी टाकली की अर्धी खोली गेली.

मी म्हटलं, अँगलचे रॅक करा. फळ्या नट-बोल्टवर वर-खाली होतील, खाली ब्रेकची चाकं. उंच रॅक भिंतीकडे, मधले कमरेएवढेच, म्हणजे गल्ल्यावरून सगळी खोली दिसते. मधली वाट तीन फुटांपेक्षा कमी नको, व्हीलचेअर गेली पाहिजे. पुस्तकांना केळीचे प्लास्टिक क्रेट, आपल्याकडे त्यांना काय तोटा!

पक्कं करायचं ते वायरिंग. गिऱ्हाईक पहिलं हेच म्हणणार, "भाऊ, कूलर चालू करीसन दखाडा ना." पाणी भरून पंप चालवावा लागतो, म्हणून दाराजवळ मोरी, तीन पिनचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). ओल्या कूलरचा शॉक चेष्टा नाही. इथे पैसे वाचवू नका.

आणि कपडे बदलायला आडोसा, आत पूर्ण उंचीचा आरसा. बोहारणीला जुनी साडी देताना आपल्याला काही वाटत नाही, जुना शर्ट विकत घेताना मात्र मान खाली जाते. कपडे ढिगात नकोत, इस्त्री करून हँगरला लावा. आणि कपड्यांचा रॅक कॅन्टीनकडच्या खिडकीत तर अजिबात नको.

मिस्त्रीची शंका वेगळीच: "साहेब, चाकं लावली तर रॅकच ढकलत नेतील ना?"

पीओपी रद्द झालंय. काचेच्या काउंटरवर मात्र समिती अजून अडून बसलीय.