हाल सोसणं म्हणजे सराव नव्हे

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य मैदानावर फार वापरलं जातं. म्हणणारा बहुतेक वेळा प्रशिक्षक असतो आणि ऐकणारा पोरगा त्या वेळी भर उन्हात शिक्षेचे राउंड मारत असतो. पण घाव कुठे घालायचा, किती जोराने आणि कशासाठी, हे शिल्पकाराला ठाऊक असतं म्हणून मूर्ती होते. घाव घालतच सुटलं तर दगड फुटतो. प्रतिकूल परिस्थिती खेळाडूला घडवते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र ती मोजून द्यावी लागते, त्यानंतर सावरायला वेळ द्यावा लागतो आणि ती का दिली जातेय हे खेळाडूला माहीत असावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी हाती उरतात ते फक्त हाल.

आधी शरीराचं बघू. ताणाचा अभ्यास करणारे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ताणाबद्दल जे मांडलं, त्यावर आजची बरीचशी ट्रेनिंगची पद्धत उभी आहे. ताण आला की शरीर आधी डगमगतं, मग त्याला तोंड द्यायला शिकतं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी हात टेकतं. भारी सेशन संपवून घरी निघालेला खेळाडू सकाळपेक्षा कमकुवत झालेला असतो. ताकद येते ती पुढच्या एक-दोन-तीन दिवसांत, झोपेतून आणि जेवणातून. ते दिवसच काढून घेतले तर रोजच्या मेहनतीतून रोज थोडी थोडी वजाबाकीच होत राहते, आणि घाम तेवढाच गळत असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात येत नाही.

मोजून दिलेला त्रास कसा काम करतो याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टाचेमागचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोरीसारखा पट्टा. स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन हाकान आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांचा हा टेंडन कायम दुखायचा. ऑपरेशनला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा टेंडन तुटलाच तर ऑपरेशन करावंच लागेल या हिशेबाने त्यांनी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. टेंडन तुटला नाही, उलट बरा झाला. पुढे १९९८ साली त्यांनी १५ धावणाऱ्यांवर १२ आठवडे तोच व्यायाम करून पाहिला आणि सगळे पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले.

व्यायाम असा आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. चांगल्या पायाने टाचा वर उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सावकाश पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरवायची. असं १५ वेळा, तीन सेट, गुडघा सरळ ठेवून. मग पुन्हा १५ चे तीन सेट, गुडघा थोडा वाकवून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. म्हणजे दिवसाला १८० वेळा, सातही दिवस, १२ आठवडे. दुखणं कमी झालं की पाठीवरच्या बॅगेत वजन वाढवत न्यायचं.

चुका ठरलेल्या असतात. लोक वर जातानाही तोच दुखरा पाय वापरतात. टाच सावकाश न उतरवता सोडून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढल्यासारखं वाटलं की बंद करतात, किंवा जरा बरं वाटलं की थेट स्प्रिंट मारायला जातात. आणि दुखणं टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटतो तिथे असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नये. तिथे सपाट जमिनीवरच करावं, नाहीतर टेंडन हाडावर दाबला जाऊन त्रास वाढतो. दिवसाला १८० जमत नसतील तर आठवड्यातून तीनदा जड वजनाने, अगदी संथ गतीने केलेल्या व्यायामाचेही परिणाम तितकेच चांगले दिसले आहेत.

यात किती दुखणं चालेल, हा खरा प्रश्न. फिजिओ वापरतात तो नियम प्रत्येक प्रशिक्षकाने पाठ करावा असा आहे: शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या पातळीवर आलेलं हवं. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात ते बघा. कालपेक्षा जास्त लंगडत असेल तर कालची मात्रा जास्त झाली, एवढाच त्याचा अर्थ. सगळंच बंद करायची गरज नसते, भार एक पायरी खाली आणायचा. अर्थात हा नियम टेंडनच्या जुन्या दुखण्याचा आहे. हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी ठणकत असेल, किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर तिथे सोसण्यासारखं काही नाही, डॉक्टरकडेच जायचं.

उष्णतेचंही असंच आहे. गरम हवेत स्पर्धा असेल तर शरीराला तिची सवय लावता येते, आणि त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रोज ६० ते ९० मिनिटं, हलक्या ते मध्यम जोराचा व्यायाम, गरम वातावरणात. पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. पुढच्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. सराव थांबवला की दोन-तीन आठवड्यांत ही कमाई बरीचशी निघून जाते. म्हणून महिनाभर आधी एक उन्हाळी शिबिर घ्यायचं आणि मग एसीत बसायचं, याचा उपयोग नाही.

पहिल्या तीन दिवसांत नेहमीच्या निम्मंच काम द्यावं, कारण उष्माघाताचे प्रकार बहुतेक करून याच दिवसांत घडतात. आणि पाणी रोखून धरण्याने कुणी कणखर होत नाही. ती जुनी समजूत आता तरी सोडा. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करायचं. घट दोन टक्क्यांच्या वर गेली तर पिणं कमी पडलं. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी, पुढच्या काही तासांत, जेवणातल्या मिठासह. वजन वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, आणि तेही तितकंच धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम खाली जातं.

आता कौशल्याकडे. इथे प्रतिकूलता दिसायला अगदी साधी असते आणि म्हणूनच प्रशिक्षक तिला नाकारतात. १९९४ साली कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर एक प्रयोग झाला होता. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जादा ४५ चेंडू खेळायचे. एका गटाला १५ वेगवान, मग १५ वळणारे, मग १५ मंद, असे ओळीने मिळाले. दुसऱ्या गटाला तेच ४५ चेंडू सरमिसळ करून, पुढचा कुठला येणार हे न सांगता. ओळीने खेळणारे २५ टक्क्यांनी सुधारले, सरमिसळवाले ५७ टक्क्यांनी. ज्यांना जादा सराव मिळालाच नाही ते ६ टक्क्यांवर राहिले.

मात्र अशा सरावात खेळाडू जास्त चुकतो, वैतागतो, आणि बाजूला उभ्या असलेल्या पालकांना वाटतं की पोराचा खेळ बिघडला. ओळीने दिलेल्या सरावात तो छान दिसतो, कारण पाचव्या चेंडूपासून त्याला काही ठरवायचंच उरत नाही. सामन्यात प्रत्येक चेंडूला ठरवावं लागतं. तेव्हा नवं तंत्र शिकवताना सुरुवातीचे काही दिवस ओळीने द्या, हालचाल बसली की लगेच मिसळा. दहापैकी सहा-सात वेळा जमतंय तोवर ठीक. चार-पाचच्या खाली घसरलं तर अवघडपणा जरा उतरवा. हा आकडा काही शास्त्रवचन नाही, पण हाताशी धरायला चांगला आहे.

मनाच्या तयारीबद्दल बोलताना अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचं उदाहरण टाळता येत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. शेवटी त्याला भिंत दिसेनाशी झाली. तो हात मोजत पोहला आणि १:५२.०३ असा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. लोक याला जिद्द म्हणतात. मी याला तयारी म्हणेन. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी पूर्वी एका स्पर्धेआधी त्याचा गॉगल मुद्दाम पायाखाली घेतला होता, आणि प्रत्येक लांबीला किती हात लागतात हे फेल्प्सला पाठ होतं. मोजलेले हात नसते तर नुसत्या जिद्दीला भिंत कुठून सापडली असती?

२०१८ ची बोस्टन मॅरेथॉनही तशीच. थंडी, मुसळधार पाऊस, समोरून वारा. एकेक नावाजलेला धावपटू शर्यत सोडत गेला आणि जिंकला जपानचा युकी कावाउची, २:१५:५८ मध्ये. तो तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून धावायचा. त्याच वर्षी एक जानेवारीला तो बोस्टनजवळच्याच मार्शफील्डमध्ये शून्याच्या बऱ्याच खालच्या थंडीत आख्खी मॅरेथॉन धावला होता. बोस्टनचा तो दिवस इतरांना आक्रीत वाटला, त्याच्यासाठी ओळखीचा होता.

मग सरावात हे आणायचं कसं? एका सेशनला एकच अडथळा, आणि आठवड्यातून एक-दोनच सेशन. आवाज वाढवा, किंवा वॉर्म-अपचा वेळ ४० मिनिटांवरून १२ वर आणा, किंवा पंच म्हणून मुद्दाम एक चुकीचा निर्णय द्या आणि पुढच्या पॉइंटला दहा सेकंदांत सुरुवात करायला लावा. सेशनच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, प्रत्येकाला पेनल्टीची एकच संधी द्या, सगळा संघ बघत असताना. दहा मारल्या तर दहावी जमतेच, सामन्यात पहिलीच मिळते. चुकल्याबद्दल शिक्षा मोठी नको. साहित्य आवरणं पुरे. अपमान तर अजिबात नको, कारण अपमान झालेला खेळाडू पुढच्या वेळी पेनल्टीसाठी पुढेच येत नाही, आणि मग शिकणंच थांबतं.

अडथळा देण्याआधी त्याच्या हाती उत्तर हवं. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. ‘मन घट्ट ठेव’ हे उत्तर नव्हे. खेळाडूने स्वतःच्या अक्षरात जर-तरची वाक्यं लिहावीत. टेनिस खेळणारा लिहील: पहिली सर्व्हिस सलग दोनदा बाहेर गेली, तर टॉवेलकडे जाईन, एक लांब श्वास सोडेन आणि तिसरी थेट समोरच्याच्या अंगावर टाकेन. सुरुवातीलाच गुण गेले, तर पुढचे तीन पॉइंट लांब रॅलीच खेळेन. अशी तीन-चार वाक्यं पुरतात, पंधरा लिहिली तर सामन्यात एकही आठवत नाही. आणि ती त्या अडथळ्याच्या सेशनमध्ये वापरून बघायची. न चाललेलं वाक्य खोडायचं.

पाय प्लास्टरमध्ये असतानाही हातातलं काम संपलेलं नसतं. चांगल्या पायाचा जड व्यायाम चालू ठेवला तर बांधलेल्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते, कारण ताकदीचा मोठा वाटा मेंदू आणि मज्जातंतूंचा असतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर आठवड्यातून तीन दिवस, जड वजनाने, तीन-चार सेट. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी खेळाडू सहा आठवडे नुसते पडून राहतात.

उलट बाजूने एक सावधगिरी. प्रत्येक ताणावर लगेच फुंकर घालायचीही गरज नसते. वजनांच्या सरावानंतर रोज बर्फाच्या पाण्यात बसल्याने दुखणं कमी होतं, पण स्नायूंची वाढही मंदावते. एका दिवसात दोन सामने असतील तर जरूर बसा. ताकद वाढवण्याच्या महिन्यांत ते दुखणं राहू द्या.

आता जिथे माझा ठाम विरोध आहे ते. उपाशी ठेवणं, झोप तोडणं, ‘वजन उतरव’ म्हणून मागे लागणं, याला कणखरपणाची तालीम म्हणू नका. शरीराला व्यायाम वजा जाता जगायला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही तर हाडं ठिसूळ होतात, मुलींची पाळी थांबते, जखमा भरत नाहीत. सलग तीन महिने पाळी न येणं हे ‘जोरात ट्रेनिंग चाललंय’ याचं लक्षण मानणारे प्रशिक्षक आजही आहेत. ते आजाराचं लक्षण आहे. घरातलं भांडण, परीक्षा, प्रवास हेही त्याच शरीरावर येणारे ताण आहेत. त्या आठवड्यात मैदानावरचा भार कमी केला तर खेळाडू मऊ पडत नाही.

यासाठी वही पुरते. सेशननंतर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारा, किती जड गेलं, दहापैकी? तो आकडा गुणिले मिनिटं. ६० मिनिटं आणि आकडा ६, म्हणजे ३६०. आठवड्याची बेरीज करा आणि सोबत रोज सकाळची नाडी, झोपेचे तास आणि मूड लिहा. बेरीज तीच असताना तोच सराव त्याला दिवसेंदिवस जड वाटायला लागला, नाडी चार-पाच दिवस नेहमीपेक्षा वर राहिली, चिडचिड वाढली, तर पुढचे तीन दिवस हलके. खेळाडूने कुरकुर करेपर्यंत थांबू नका. चांगले खेळाडू कुरकुर करत नाहीत, हीच तर अडचण आहे.

आणि दोन प्रसंगी वही बाजूला ठेवायची. जबर व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर स्नायू फुटून किडनीवर भार आलेला असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल. गरमीत खेळाडू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. अॅम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत त्याला मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा, डोकं कुणीतरी धरून ठेवा. टब नसेल तर अंगावर सतत गार पाणी, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ, वरून वारा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं तापमान खाली आलं तर जीव वाचतो, म्हणून उन्हाळी सराव सुरू करायच्या आधी टब आणि बर्फ मैदानावर आणून ठेवलेला असावा.