कासवाचा फोटो: हौस आणि नोंद

नमस्कार. मालदीवच्या कासवांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत: हौशी डायव्हरांच्या फोटोंवरून एकेक कासव ओळखण्याला विज्ञान म्हणणं ही अतिशयोक्ती आहे, खरी माहिती पाठीवर बसवलेला, उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारा सॅटेलाइट टॅगच देतो, आणि असल्या लेखांनी कासवांमागे कॅमेरे घेऊन लागणाऱ्यांची गर्दी वाढते.

हॉक्सबिल किंवा हिरव्या कासवाचा डोळ्यामागचा गाल नीट बघा. गडद खवले, मधे फिकट रेघा. एखादा खवला पंचकोनी, शेजारचा सहा बाजूंचा, दोघांच्या फटीत एक बारकासा घुसलेला. ही मांडणी प्रत्येक कासवाची वेगळी असते आणि वर्षानुवर्षं टिकते. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या केलोनिया या कासव केंद्रातल्या अभ्यासकांनी तर प्रत्येक खवल्याला तीन आकडी संकेतांक दिला: ओळ कितवी, ओळीत क्रमांक कितवा, बाजू किती. डावा आणि उजवा गाल मात्र सारखे नसतात. एकाने डावीकडून फोटो काढला, दुसऱ्याने उजवीकडून, तर एकाच कासवाची दोन कासवं होऊन बसतात. म्हणून ऑलिव्ह रिडली प्रोजेक्टसारखी, २०१३ पासून मालदीवमध्ये कासवांसाठी काम करणारी संस्था दोन्ही बाजूंचे फोटो मागते.

टॅगचं मोल मला मान्य आहेच. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरीतल्या वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडली जातीच्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला, तेव्हा तिचा प्रवास मीही रोज बघत होतो. ओडिशात २०२१ मध्ये पायाला टॅग लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, हे त्या धातूच्या टॅगमुळेच कळलं. ऑलिव्ह रिडली खुल्या समुद्रात फिरतं, डायव्हरला क्वचितच दिसतं. तिथे फोटोचा उपयोग नाही. पण ट्रान्समीटर महागडा असतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत बंद पडतो, पायाचा टॅग गळून जातो. शिवाय किनाऱ्यावर हाती लागतात त्या बहुतेक माद्याच. नर आणि लहान कासवं वाळूवर येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रवाळावर वर्षानुवर्षं एकाच टापूत राहणारं छोटं हॉक्सबिल रोज कोण बघतं? तिथे रोज उतरणारा डायव्हर.

आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्या: फोटो येतात ते जिथे रिसॉर्ट आहे तिथून. निर्मनुष्य बेटांवरची कासवं फोटोंच्या नोंदीत नसतात. एखादं कासव दोन वर्षं दिसलं नाही म्हणजे मेलं असं नव्हे, फोटो वाढले म्हणजे कासवं वाढली असंही नव्हे. म्हणून किती डाइव्ह रिकाम्या गेल्या तेही नोंदवावं लागतं, नाहीतर आकडेमोड फसते.

आता गर्दी. आठ जणांनी कासवाला घेरलेलं पाहिल्याचं तुम्ही लिहिलंय, तुमचा संताप अगदी योग्य आहे. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. त्याच्या डोक्यावर घोळका करणं हा छळच आहे. पण ओळखीसाठी लागतो तो बाजूचा चेहरा, आणि तो लांबून काढून नंतर मोठा करता येतो. वाट अडवायची, हात लावायची, फ्लॅश मारायची काहीच गरज नाही. ज्या गाइडला हे पटत नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका, आणि ते त्याला तोंडावर सांगा.

एक विनंती. तुम्ही मालदीवला तीनदा जाऊन आलात असं लिहिलंय. त्या फोटोंत कुठल्या कासवाचा गाल स्पष्ट दिसत असेल, तर तारीख आणि रीफचं नाव जोडून तो ऑलिव्ह रिडली प्रोजेक्टकडे पाठवा. जुने फोटो विशेष कामाचे असतात. आज ओळखीचं असलेलं कासव तेव्हाही तिथेच होतं का, हे त्यांतूनच कळतं.