‘कधी मशीनला हात लावलाय का’ विचारणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची कमेंट रात्रीच वाचली होती, मुद्दाम सकाळपर्यंत थांबलो, नाहीतर माझी भाषाही तुमच्यासारखीच झाली असती. बाकीच्यांसाठी सांगतो, मी लिहिलं होतं की इंजिनियरिंगला ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा विषय नीट क्रेडिट देऊन शिकवला पाहिजे. त्यावर भाऊ म्हणतात, ‘हा टाइमपास आहे, सिलॅबस आधीच जड, पोरांना कोडिंग शिकवा म्हणजे पॅकेज मिळेल. तुम्ही आर्ट्सवाल्यांनी कधी मशीनला हात तरी लावलाय का?’

एक मान्य करतो, असे विषय जिथे आहेत तिथे पोरं आदल्या रात्री नोट्स पाठ करून पास होतात. खरं आहे.

पण हे ‘आर्ट्सवाले’ काय असते बे? सॉरी, निघून गेलं तोंडातून. विचारायची काही पद्धत असते की नाही? माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, हिंगणा एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो, ग्रीसचे डाग लग्नातल्या फोटोतही दिसतात. बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. तुम्ही आता त्याच जागेवरच्या मॉलमध्ये कॉफी पीत असाल.

आता निघालंच तर ऐका. ही मिल जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केली आणि पुढे तिथे रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायच्या नव्या मशीन लावल्या, तेव्हा इंग्लंडमधलं कापड गिरण्यांचं लँकेशायर मात्र म्यूल ही जुनी कताईची मशीन सोडायला तयार नव्हतं. म्यूल चालवायला वर्षानुवर्षं मुरलेला कारागीर लागायचा, रिंगवर नवखा माणूसही लवकर तयार व्हायचा. तिकडे जुन्या म्यूलमध्ये पैसा अडकलेला, कारागिरांची युनियन घट्ट. इथे असं काहीच नव्हतं. म्हणजे कोणती मशीन लागणार हे नुसत्या स्पीडवर ठरलं नाही, हात कोणाचे, मजुरी किती, हेही त्यात होतं. हे मेकॅनिकलच्या पोराला कोण सांगणार, मीच ना, आर्ट्सवाला?

जुनं नको असेल तर 2017 चं यवतमाळ घ्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, फवारा सरळ नाकातोंडात. मास्क घाला, हातमोजे घाला, हे डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं, आणि तेही विदर्भाच्या उकाड्यात दिवसभर पंप पाठीवर घेऊन! दोष शेतमजुराचाच म्हणून मोकळं होता येतं, बऱ्याच जणांनी तेच केलं. पण पंपाचा नोझल, डब्यावरचं लेबल, अंगावर टिकेल असा मास्क, हे सगळं डिझाइन करणारा इंजिनियरच असतो ना भाऊ? त्याने एक दिवस तरी शेतात उभं राहून पाहावं, एवढंच मी म्हणून राहिलो होतो.

पॅकेजचं काय बोलू, तुम्हाला लखलाभ. सिलॅबस जड आहे म्हणता, असेल.

आणि हो, ‘रिअल इंजिनियर’ असं नाव लावून लोकांची डिग्री काढणं सोपं असतं. पुढची कमेंट स्वतःच्या नावाने टाका, मग मी अप्रूव्ह करतो.