बारा तारांची तारांबळ

दहा तारांवर माझा जम बसला होता. त्याआधी सहा होत्या, त्यांच्यावर तर लग्न जमलं. तरुणपणी मी कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी दांडा, डोळे अर्धे मिटलेले. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग या गिटारवाल्यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून झिजवलेली आमची पिढी. गणपतीत पेठांतून कार्यक्रम असायचे आणि रडकं गाणं आलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. सहा तारांत एवढं व्हायचं.

मग भाचा अमेरिकेला गेला आणि माझ्यासाठी तिकडून दहा तारांची पेडल स्टील गिटार घेऊन आला. चार पायांवर उभी, वर तारा, खाली डाव्या पावलानं दाबायची पेडलं, दोन्ही गुडघ्यांनी सरकवायच्या पट्ट्या, आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर. शरीराचा एकही सांधा रिकामा राहू नये याची पुरेपूर काळजी. घरात पहिल्यांदा मांडली तेव्हा शेजारच्या वहिनींना ते शिलाई मशीन वाटलं आणि पिको-फॉलचे दर काय म्हणून विचारून गेल्या.

पण तीही अंगवळणी पडली. तारा लावायची तऱ्हा मात्र अशी, की गाण्याच्या मास्तरांनी ऐकली तर पट्टी हातात घेतील. पेटीची पांढरी तीन सा धरली तर पलीकडच्या कडेपासून आपल्याकडं येताना तारा लागतात त्या अशा : रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो, दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम. डावा गुडघा, उजवा गुडघा कुठं वळवला की षड्ज अर्धा सूर खाली उतरतो किंवा वर चढतो. माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिने चढायची बंदी केलेली आहे. षड्ज चढवायची त्यांनी केली नाही, एवढ्या पळवाटेवर माझी कला तगून होती.

यंदा भाचा कायमचा परत आला आणि स्वतःची बारा तारांची गिटार माझ्या पुढ्यात ठेवली. दहा तारांची त्यानं त्याच्या एका मित्राला परस्पर देऊनही टाकली होती.

"मामा, दोनच तर तारा जास्त. वरचं सगळं तसंच. खाली फक्त खर्जातला ग आणि सा."

खाली फक्त! पोरांना सगळं फक्तच असतं.

मुळात तारा वाढवायचा हा सोस नवा नाही. त्या उतरत्या क्रमात न बसणाऱ्या पहिल्या दोन तारा, रे आणि नी, बडी एमन्स नावाच्या अमेरिकन वादकानं 1960च्या दशकात घातल्या. पण त्या माणसाला वाजवणाऱ्याची कणव होती. दोन्ही तारा त्यानं पलीकडच्या कडेला बसवल्या, म्हणजे अलीकडं अंगठ्याची हद्द होती तशीच राहिली. बारा तारांच्या गिटारीत पाहुणे बसवलेत ते थेट अंगठ्याच्या दारात. इथं उजवा हात डोळ्यांनी चालत नाही, कडेच्या अंदाजानं चालतो. डोळे डाव्या हातातल्या दांड्यावर असतात, कारण दांडा केसभर सरकला की सूर गेला. अंगठ्याला एवढंच माहीत की शेवटची तार ती पंचमाची. ती आता शेवटून तिसरी झाली आणि अंगठ्याला हे कुणी कळवलंच नाही.

नेहमीची पकड सहा-आठ-दहा. मधलं बोट सहाव्या तारेवर, पहिलं आठव्या, अंगठा दहाव्या : ग, सा, प. आता हात सवयीनं कडेला जाऊन बसतो आणि तीच पकड पडते आठ-दहा-बारावर : सा, प, सा. गंधारच गायब! 'तू गेलास आणि मी एकटी' अशा भावाचं गाणं सुरू करावं, तर आतून भलतंच गंभीर, धीरोदात्त काहीतरी उमटतं. नाहीतर साध्या गिटारच्या सगळ्यात जाड तारेइतका तो खालचा षड्ज असा काही घुमतो, की बाहेर कुणीतरी बुलेट चालू केली म्हणून शेजारचे काका गॅलरीत येऊन बघतात.

सुनेच्या नेलपॉलिशनं दहाव्या तारेच्या बुडाशी लाल ठिपका काढला. ठिपका सुरेख दिसतो. पण ठिपक्याकडं बघितलं की दांडा घसरतो आणि दांड्याकडं बघितलं की ठिपका असून नसल्यासारखा.

आणि दांडा! जुना दांडा बारा तारांवर पुरेना. दहाव्या तारेवर नीट टेकवला तर खालच्या दोन मोकळ्या राहतात, त्या झाकायला गेलो तर पलीकडच्या रे-नी उघड्या पडतात. नवा बाहेरून मागवण्यापेक्षा आपलं उद्यमनगर काय वाईट, म्हणून ओळखीच्या लेथवर गेलो. लेथवाल्यानं जुना दांडा हातात घेऊन उजेडाकडं धरला, नखानं वाजवला.

"कशाची पिन म्हणायची ही?"

"गिटारची."

"ट्रॅक्टर व्हय कुठला?"

"वाजवायची गिटार. एक इंच जाडी, साडेतीन इंच लांबी, स्टेनलेसमध्ये. एक टोक गोल पाहिजे आणि दुसऱ्याला अंगठा बसेल एवढा खळगा."

"टॉलरन्स किती?"

मी पोराटोरांसारखा त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. एवढ्या वर्षांत कुठल्या श्रोत्यानं मला टॉलरन्स विचारला नव्हता. शेवटी म्हटलं, "आरशासारखा झाला पाहिजे, तारेला खरखर लागली तर ऐकू येते." यावर तो एकदम गंभीर झाला. पंप आणि गिअरची कामं बाजूला सारून त्यानं तो दांडा कातला, आधी जाड मग बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग बफवर धरला, आणि दर खेपेला स्वतःच्या कानाशी नेऊन त्यावरून नख ओढून बघत होता. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू दे, आधी वाजतोय का बघा." दांडा अप्रतिम आहे, यात वाद नाही. जुना पाव किलोला जरा कमी होता, हा भरतो साडेतीनशे ग्रॅम. आता डावं मनगटही गुडघ्यांच्या पक्षात सामील झालंय.

पुढं तिसऱ्या नंबरची ग ची तार तुटली, ती सगळ्यात बारीक, तिचा तो धर्मच आहे. तशी तार मिळते का बघायला मिरजेला गेलो. शिकलगारांनी हत्यारांची कामं सोडून तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या, तेव्हापासून तारेचं दुखणं तिथं न्यायची रीतच आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराला तार दाखवता दाखवता माझं सगळं गाऱ्हाणं सांगून झालं. त्यानं भोपळ्यावरची नजर न काढता विचारलं, "बाराच?"

"बाराच म्हणजे?"

"सतारीला खालच्या बारीक तारा, तरफा, धरून अठरा-वीस होतात. कुणी रडत येत नाही."

"पण तरफा आपल्या आपण वाजतात!"

"मग तुमच्या त्या दोन?"

माझ्या त्या दोनही आपल्या आपणच वाजतात, तीच तर तक्रार होती. तळहाताची कड टेकवून त्या गप्प बसवायच्या असतात. पण कड बाराव्यावर ठेवली की अकरावी चुकून सुटते आणि अकरावीवर ठेवली की बारावी. एवढं त्याला समजावून सांगावं, तर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

घरी बायकोचं मत पहिल्यापासून एकच : "सहा होत्या तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते." दहा आल्यावर टाळ्या थांबल्या, हे ती बोलत नाही, पण गणित तिनं मांडून ठेवलंय. परवा मात्र मी सवयीनं आठ-दहा-बारावर सापडलो आणि ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"अहो, हा तंबोरा कुठून आणला?"

"तंबोरा नाही, चुकतंय माझं."

"चुकू दे. असंच चुका. गुरुवारी आमच्या भजनाला बसा."

गुरुवारी बसलो. मंडळाच्या बायकांचा स्वर पांढरी सहा, म्हणून दांडा पाचव्या पडद्याच्या खुणेवर ठेवला. सा, प, सा. सा, प, सा. साडेतीनशे ग्रॅम एका जागी धरायचे, गुडघे मोकळे, पावलं मोकळी. अधूनमधून अकरावीचा गंधार मध्येच डोकवायचा, तेव्हा पेटीवाल्या मावशी चष्म्यावरून बघायच्या. चार अभंग झाल्यावर मंडळाच्या म्होरक्या काकू कौतुकानं जवळ आल्या, गिटारवर वाकून सगळ्या तारा त्यांनी बोटानं एकेक मोजल्या आणि म्हणाल्या,

"लई गोड वाजतंय बघा. पण वाजवायच्या तीन, तर बाकीच्या नऊ कशाला लावल्यात?"