थांबा भो, चादर सरकत नाही म्हणून शीड खोटं होत नाही

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या, गावाकडच्या आणि दहावीच्या बॅचच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच फॉरवर्ड येऊन पडला. वर मोठ्या अक्षरात ‘सूर्यप्रकाशावर चालणारं यान, शतकातला सगळ्यात मोठा फ्रॉड’, खाली भराभर मुद्दे आणि शेवटी नेहमीचं ‘10 जणांना पाठवा’. मी भुसावळला सोलर पॅनल बसवायचं काम करतो, त्यामुळे कुठंही सोलर शब्द दिसला की लोक मलाच टॅग करतात. गावाकडच्या आबांनी तर व्हॉइस मेसेजच टाकला, ‘हाई बठ्ठं खोटं शे का रे भाऊ, तू सोलरवाला ना, सांग.’ आबांना फोनवर सांगून झालं, पण तिन्ही ग्रुपवर परत परत टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी नावाचा घोळ. फॉरवर्डमध्ये ‘सोलर सेल’ लिहिलंय आणि अर्ध्या लोकांना वाटलं पॅनलमधला सेल, म्हणजे वीज बनवायची, मोटर फिरवायची वगैरे. तसं नाहीये. हा सेल म्हणजे शीड, होडीला असतं ते. प्लास्टिकची एकदम पातळ फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आरशासारखी चमकणारी. वीज नाही, मोटर नाही, इंधन नाही. प्रकाश येऊन आदळतो, परत फिरतो, आणि त्या आदळण्याचा जो काय बारीकसा धक्का बसतो त्याच्यावर यान पुढे जातं.

आता त्यांचा सगळ्यात फेमस मुद्दा, ज्याच्यावर सगळ्यांनी हसायच्या इमोजी टाकल्या: ‘प्रकाश ढकलतो तर उन्हात वाळत घातलेली चादर का सरकत नाही?’ बरं. चादर सोडा, आमच्या गच्चीवरचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घ्या. मे महिन्यात, 45 डिग्रीत, आई सकाळी लुगड्यावर बिबडे घालते आणि दुपारपर्यंत ते कडक होतात, पण जागचे हलत नाहीत, हे शंभर टक्के खरंय. पण हलत नाहीत म्हणजे धक्का बसत नाही असं कुठंय? वीतभर रुंदीच्या एका बिबड्यावर भर दुपारच्या उन्हाचा जो दाब पडतो तो साधारण एक मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या वजनाएवढा, म्हणजे बारीक मिठाच्या एका कणापेक्षाही कमी. बिबडा तेवढ्याने कसा हलेल, तो लुगड्याला चिकटून बसलाय, वरून स्वतःचं वजन आहे, आणि गच्चीवरची साधी झुळूकसुद्धा त्या उन्हाच्या दाबापेक्षा लाखभर पटीने जोरात ढकलते. पॅनलचं स्ट्रक्चर उभं करताना आम्ही वाऱ्याचा हिशोब धरतो, कारण मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागाच्या बागा झोपलेल्या सगळ्यांनी बघितल्यात, पण उन्हाच्या दाबाचा हिशोब आजपर्यंत कोणी धरलेला नाही आणि धरायची गरजही नाही. जमिनीवर तो दाब किरकोळ आहे, पण किरकोळ आणि शून्य ह्याच्यात फरक असतो, आणि ह्या फॉरवर्डची सगळी गंमत त्या फरकावरच चाललीय.

दुसरं, ‘प्रकाशाला वजन नाही मग धक्का कुठून?’ हा मुद्दा लिहिणारा शाळेच्या पुस्तकातल्या ‘संवेग = वस्तुमान गुणिले वेग’ वर अडकलाय. ते सूत्र बॉलला, गाडीला, बैलगाडीला लागू. प्रकाशाचा संवेग काढायचा तर त्याची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा: पृथ्वीजवळ, वातावरणाच्या वर, एका चौरस मीटरवर सूर्याचे साधारण 1361 वॅट पडतात, त्याला 30 कोटी मीटर प्रति सेकंदने भागा, आलं साडेचार मायक्रोन्यूटन. आरसा असेल तर दुप्पट, नऊ मायक्रोन्यूटन, कारण प्रकाश नुसता येऊन थांबत नाही, उलटा परत जातो. हे कोणी काल काढलेलं नाही. मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात गणिताने सांगितलं, आणि मॉस्कोच्या लेबेदेवने काचेच्या भांड्यातली हवा काढून, आत हलक्या पात्या टांगून हा दाब प्रत्यक्ष मोजला, निकाल छापला 1901 मध्ये. विमान उडायच्या आधी! त्याच्याही कितीतरी आधी, चारशे वर्षांमागे, खगोलशास्त्रज्ञ केप्लरने अंदाज बांधला होता की धूमकेतूची शेपटी कायम सूर्याच्या उलट्या बाजूला असते ती सूर्य ढकलतो म्हणून.

आता नऊ मायक्रोन्यूटन म्हणजे किती हे आपल्या भाषेत सांगतो. एक एकर केळीचा प्लॉट डोळ्यासमोर आणा, तेवढं मोठं चकचकीत शीड, एकदम सूर्यासमोर धरलेलं. सगळ्या एकरावर मिळून जोर किती? पावणेचार ग्रॅम वजनाएवढा. हसा, मी पण हसलो होतो. मग एवढ्याशा जोराने काय होणार? इथं खळ्यावरची उफणणी आठवा. मळणीयंत्र यायच्या आधी ज्वारी उफणताना बघितलीय का कोणी, सूप वर धरलं, वारा दोघांना एकच, दाणा सरळ पायाशी पडतो आणि भुसा लांब उडून जातो. वारा बदलला नाही, फक्त भुश्याचं अंग मोठं आणि वजन नसल्यासारखं. शिडाचा सगळा खेळ एवढाच आहे, यान भुसा झालं पाहिजे, दाणा नाही.

म्हणूनच 2019 मध्ये अमेरिकेतल्या प्लॅनेटरी सोसायटी ह्या संस्थेने वर्गणी काढून पाठवलेलं शिडाचं यान लाइटसेल-2 बघा. पूर्ण यान 5 किलोचं, आपल्या घरातल्या छोट्या गॅस सिलेंडरमध्ये असतो तेवढ्या गॅसच्या वजनाचं, आणि शीड 32 चौरस मीटर. एवढ्या शिडावर पूर्ण ऊन सरळ पडलं तर एका दिवसात वेग वाढतो सेकंदाला 5 मीटरने, म्हणजे ताशी 18 किलोमीटर, सायकलवाला चालवतो तेवढा. दिवसभरात सायकलचा वेग! पण दुसऱ्या दिवशी परत तेवढाच, तिसऱ्या दिवशी परत, कारण तिथं घासायला रस्ता नाही, अडवायला हवा नाही. सतत ऊन मिळत राहिलं तर महिन्याला ताशी 540 किलोमीटर जमा. रॉकेट म्हणजे मोटर चालू करून पाटाने पाणी सोडणं, काही मिनिटांत टाकी रिकामी. शीड म्हणजे ठिबक. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला थेंब थेंब पाणी दिल्याने बाग उभी राहते हे मी काय समजावून सांगू!

‘हवा नाही तर शीड फुगणार कसं’ ह्याला एक ओळ पुरे: हे फुगत नाही, ताणून धरलेलं असतं, काठ्यांनी नाहीतर गरगर फिरवून. आणि काही लोक उत्साहाने सौरवारा ढकलतो म्हणून समर्थन करतात, ते पण चूक, सौरवारा म्हणजे सूर्यातून सुटलेले कण, त्यांचा दाब प्रकाशाच्या दाबाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ढकलतो तो प्रकाशच.

काचेच्या बल्बातल्या चक्रीचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण आमच्या शाळेच्या लॅबमध्ये ती होती. कपाटात वरच्या फळीवर, सर तिला हात लावू द्यायचे नाहीत, खिडकीतल्या उन्हात ठेवली की चार पात्या भिरभिर फिरायच्या, एक बाजू काळी, एक चंदेरी. प्रकाशाच्या धक्क्याने फिरत असती तर चंदेरी बाजूला दुप्पट धक्का, म्हणजे चंदेरी बाजू मागे हटायला पाहिजे. प्रत्यक्षात काळी बाजू हटते. फॉरवर्डवाला म्हणतो, बघा, उलटं! बरोबर, उलटंच आहे, कारण ती चक्री प्रकाशाच्या दाबाने फिरतच नाही. बल्बात थोडीशी हवा शिल्लक ठेवलेली असते, काळी बाजू जास्त तापते, आणि पातीच्या कडेने हवेची जी ढकलाढकली होते त्याने ती फिरते. हवा नीट पूर्ण काढली तर चक्री बंदच पडते. लेबेदेवला म्हणूनच एवढी मेहनत घ्यावी लागली, हवेचा हा खोडकरपणा बाजूला काढणं हेच त्याचं मेन काम होतं. वेगळ्याच कारणाने फिरणारं खेळणं दाखवून शिडाला खोटं ठरवायचं म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर बिघडला म्हणून धरणात पाणी नाही म्हणण्यासारखं.

‘कॉर्नेलच्या मोठ्या शास्त्रज्ञानेच सांगितलं की चालणार नाही’ हे मात्र खरंय, इथं फॉरवर्डला मार्क. थॉमस गोल्ड, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा खगोलशास्त्रज्ञ, खरोखर मोठा माणूस, 2003 मध्ये त्याने लिहिलं की परिपूर्ण आरसा प्रकाश जसाच्या तसा परत पाठवतो, म्हणजे ऊर्जा घेतच नाही, मग यानाला वेग देणार कशातून. ऐकायला एकदम पटतं ना? घोळ ‘जसाच्या तसा’ मध्ये आहे. आरसा पळत असेल तर त्याच्यावरून फिरलेला प्रकाश किंचित लालसर होऊन, म्हणजे थोडी ऊर्जा कमी होऊन परत जातो, आणि ती कमी झालेली ऊर्जाच यानाला मिळते. मोठा माणूस पण चुकतो, त्यात काय. सात वर्षांनी जपानने मोजूनच दाखवलं.

ते जपानचं प्रकरण फॉरवर्डमध्ये गाळलंय, कारण त्यांना ‘आजपर्यंत एकही शीड चाललेलं नाही’ असं लिहायचं होतं. मे 2010 मध्ये जपानने इकारोस नावाचं शिडाचं यान सोडलं. साधारण 310 किलोचं यान, शीड 14 बाय 14 मीटर, जाडी साडेसात मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाजवळ. काठ्या नाहीत, यान गरगर फिरवून शीड उलगडलं. मग पृथ्वीवरून त्याचा वेग तपासून धक्का मोजला: 1.12 मिलिन्यूटन, तांदळाच्या पाचेक दाण्यांच्या वजनाएवढा. गणिताने यायला पाहिजे त्याच्याच घरात. त्याच वर्षी 8 डिसेंबरला ते शुक्राजवळून गेलं. शुक्राकडे पाठवलं होतं रॉकेटनेच, शिडाने रस्ता बारीक बारीक वळवला, उगाच जास्त क्रेडिट द्यायचं नाही. पण कडेला एलसीडीच्या पट्ट्या लावल्या होत्या, त्या चालू-बंद करून कुठला भाग किती चमकेल ते बदलायचं आणि इंधनाशिवाय यानाची मान वळवायची, हे मला एक नंबर वाटलं.

‘अमेरिकेचं पडलं’, हो, लाइटसेल-2 नोव्हेंबर 2022 मध्ये वातावरणात जळालं. 720 किलोमीटरवर सोडलं होतं, तिथं हवा अगदी विरळ असली तरी असतेच, आणि 32 चौरस मीटरची छत्री उघडी धरल्यावर ती हवा पण मागे ओढते. तरी पहिल्याच आठवड्यात कक्षेचा वरचा टोकाचा बिंदू त्याने दीड-दोन किलोमीटर वर नेला, फक्त उन्हावर, आणि तीन वर्षांहून जास्त काढली. हे फेल असेल तर आमच्याकडची अर्धी इन्व्हर्टरं कधीच फेल. त्याच्याआधी 2005 चं कॉसमॉस-1 हे शिडाचं यान मात्र रॉकेटच फसल्यामुळे गेलं, आणि 2024 मध्ये नासाने 80 चौरस मीटरचं शीड उघडलं त्यातली एक काठी थोडी वाकली. अडचणी आहेत, कोण नाही म्हणतंय, पण त्या घडीच्या आणि काठीच्या अडचणी आहेत. प्रकाश ढकलत नाही अशी अडचण एकदाही आलेली नाही.

आणि आपल्याकडचंच घ्या. सातच्या बातम्यांनंतर दूरदर्शनवर ढगांचे फोटो यायचे, आजोबा पेरणीच्या आधी डोळे लावून बसायचे, ते फोटो काढणाऱ्या जुन्या इन्सॅट उपग्रहांना एकाच बाजूला पॅनल असायचं, कारण दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचं उपकरण गार ठेवायला मोकळं आकाश लागायचं. मग एका बाजूच्या पॅनलवर ऊन ढकलणार आणि उपग्रह हळूहळू वळणार, म्हणून दुसऱ्या बाजूला लांब काठीवर तोल सांभाळायला शीड! 1982 च्या इन्सॅट-1ए चं हे शीड उघडलंच नाही, आणि त्या उपग्रहाच्या दुखण्यांतलं ते एक मोठं दुखणं होतं. अवकाशातल्या केप्लर दुर्बिणीची नेम धरून ठेवणारी दोन चाकं 2013 पर्यंत गेली तर तिला उन्हाच्या दाबावरच टेकवून 2018 पर्यंत कामाला लावलं. जे ढकलतच नाही त्याच्यावर टेकता येतं का कोणाला?

राहिलं ‘सूर्यापासून लांबच जाणार, परत यायचं कसं?’ हा प्रश्न चांगलाय, आबांनी पण हाच विचारला. आपल्याला वाटतं यान सूर्यासमोर उभं आहे. ते उभं नसतं, पृथ्वीसारखं सेकंदाला 30 किलोमीटरच्या आसपास वेगाने सूर्याभोवती पळत असतं. आता कॅरम आठवा, सोंगटी फळीवर तिरकी आपटली तरी फळीला धक्का बसतो तो सरळ बाहेरच. आरशाचं तसंच, धक्का आरशाला काटकोनात. म्हणून शीड तिरकं धरलं की धक्क्याचा थोडा भाग पळण्याच्या दिशेने किंवा पळण्याच्या उलट वळवता येतो. पळण्याच्या उलट वळवला की यानाचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की सूर्य आपोआप आत ओढतो, गोल गोल फिरत बुधाकडे. ओढायचं काम सूर्याचंच, शिडाने फक्त ब्रेक लावायचा.

शेवटचा मुद्दा उलट्या टोकाचा आहे, आधी सगळं खोटं म्हणायचं आणि मग ‘नासा म्हणते 20 वर्षांत दुसऱ्या ताऱ्यावर जाणार, लोकांना येडं समजतात’. नासा नाही भाऊ, 2016 मध्ये अब्जाधीश युरी मिलनर आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग ह्यांनी जाहीर केलेली ती कल्पना आहे, त्यात यान ग्रॅमभराचं आणि ढकलणार जमिनीवरचा अचाट लेझर, ऊन नाही. उन्हाच्या भरवशावर तसं होणार नाही, कारण लांब गेलं की ऊन मरतं, मंगळापाशी आपल्या 43 टक्के, गुरूपाशी सत्ताविसावा भाग. म्हणजे गुरूच्या पलीकडे शीड जवळजवळ चादरच. सूर्याच्या अलीकडे-पलीकडे, शुक्र, बुध, पृथ्वीजवळचे लघुग्रह, तिथं त्याचं काम.

हे सगळं ऐकून आबा म्हणाले, ठीक आहे रे, पण मग विहिरीवरच्या पॅनलला हे लावून काही युनिट वाढतील का. नाही आबा. त्या पॅनलवरची धूळ पुसा फक्त, मागच्या वेळी बोटाने रेघ मारली तर खाली काच दिसली होती.