ब्राझिलियन रोझवूडवाचून गिटार अडत नाही

घरी गिटार बनवायची म्हटलं की कोणीतरी एक फॉरवर्ड पाठवतोच. त्याचा सारांश असा: आवाज पाठीच्या लाकडात असतो, त्यातही ब्राझिलियन रोझवूडच हवं, लाकूड जितकं जुनं तितकं चांगलं, आणि दोन-चार लाखांची यंत्रं नसतील तर या भानगडीत पडू नका. परवा तो मला तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी वखारीतच उभा होतो.

आधी पाठीचं बघू. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार केली. वरची पाटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचं मूळ वरच्या पाटीत, म्हणजे आपले तंबोरेवाले जिला तबली म्हणतात तिच्यात आहे, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. जुनी गोष्ट नको असेल, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेला लँकेस्टर विद्यापीठाचा प्रयोग घ्या. सहा गिटारी, एकाच घडणीच्या, सगळ्यांना सिटका स्प्रूसची तबली. फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा. ५२ वादकांनी त्या न बघता वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. त्या सहांत ब्राझिलियन रोझवूड होतं, आणि आपलं शिसवीही होतं.

हो, शिसवी. आजीच्या पलंगाचं. पश्चिम घाटात वाढणाऱ्या याच झाडाला बाहेर ‘इंडियन रोझवूड’ म्हणतात. ब्राझिलियन माल मिळेनासा झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी हेच लाकूड घेतलं. १९९२ पासून ब्राझिलियन रोझवूड सायटीस, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच. जगभरचे कारागीर आपल्या घाटातलं लाकूड मागवतात आणि आपण ब्राझीलकडे डोळे लावून बसायचं, ही गंमतच आहे. एकच सावधगिरी: वखारीत ‘शिसम’ मागितलंत तर उत्तरेकडचं शिसू पुढे येऊ शकतं. ते शिसवीचं भावंड खरं, पण झाड वेगळं.

तबलीच्या लाकडाबाबत मात्र चोखंदळ व्हाच, तिथे काटकसर नको. पाटीचं टोक बघा: वलयांच्या रेषा पाटीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या हव्यात. मग कडेचा एक तुकडा पटाशीने फोडा. चीर पाटीला समांतर सरळ गेली तर लाकूड घ्या. तिरकी होऊन पृष्ठभागाबाहेर निघाली तर ठेवून द्या. आणि जाडी! लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिलिमीटरची पाटी २.७ वर आणलीत तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. रंध्याच्या चार हातांत जो फरक पडतो, तो पाठीचं लाकूड बदलून पडत नाही.

‘जुनं ते चांगलं’ यात थोडं तथ्य आहे, पण खरा प्रश्न लाकडात ओल किती आहे हा. माझ्या दुसऱ्या गिटारीची पाठ वीस वर्षं पडून असलेल्या फळीची होती. ती मी भर जुलैत चिकटवली आणि मार्चमध्ये मधोमध तडकली. लाकूड म्हातारं होतं, पण पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फुगलं होतं. उन्हाळ्यात ते आखडायला लागलं आणि आतल्या आडव्या पट्ट्यांनी त्याला आखडू दिलं नाही. आता मी पाठ आणि तबली खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असतानाच चिकटवतो. त्यासाठी एक साधा आर्द्रतामापक पुरतो. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावा, नाहीतर ते महिने मान तासण्यात घालवा.

राहिली यंत्रं. लागतं ते एवढंच: धारदार रंधा, दोन-तीन पटाश्या, गुण्या, बारीक दात्यांची करवत, कानस, भरपूर शिकंजे आणि कडा वाकवायला आतून तापवलेला लोखंडी पाइप. पाटी एकसारख्या जाडीची करायला सँडर असला तर वेळ वाचतो, बस. सरस वापरा किंवा लाकडासाठीचा पिवळा डिंक. साधा पांढरा डिंक उन्हात तापलेल्या गाडीत हळूहळू सरकतो, आणि स्टीलच्या तारा ब्रिजला, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीला त्या अडकवतात तिला, सत्तर-पंचाहत्तर किलोंनी ओढत असतात.

पैसे घालायचेच असतील तर चांगल्या स्टीलच्या मोजपट्टीवर घाला. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर पहिली फ्रेट, म्हणजे मानेवरच्या खाचेत बसवलेली धातूची आडवी पट्टी, नटपासून (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) ३६.४८ मिलिमीटरवर येते, बारावी बरोबर ३२५ वर. प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजलीत तर चुका साठत जातात, म्हणून सगळ्या खुणा नटपासूनच मोजायच्या. फ्रेटच्या खाचा वाकड्या गेल्या तर पाठीला कुठलंही रोझवूड लावा, बारावीवरचा सूर बेसूरच लागणार.